खळ्यावरचे गणित

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त राशिव्यवहार नावाचे एक लहानसे प्रकरण आहे. सपाट जमिनीवर ओतलेल्या धान्याच्या राशीचा परीघ हाताने मोजावा, त्याचा सहावा भाग घेऊन त्याचा वर्ग करावा आणि त्या वर्गास राशीच्या उंचीने गुणावे, म्हणजे राशीचे घनफळ घनहातांत निघते, असा त्यातील नियम. आणि ती उंची मोजण्यासाठी राशीत काठी खुपसण्याचेही कारण नाही, कारण जाड्या धान्याची रास परिघाच्या दहाव्या हिश्शाइतकी, बारीक धान्याची अकराव्या हिश्शाइतकी आणि कुसळाच्या धान्याची नवव्या हिश्शाइतकी उंच राहते, हेही आचार्यांनी तेथेच सांगून ठेवले आहे. साठ हात परिघाची जाड्या धान्याची रास असेल, तर उंची सहा हात, परिघाचा सहावा भाग दहा, त्याचा वर्ग शंभर, आणि घनफळ सहाशे घनहात. त्या काळच्या मापाने सहाशे खारी. शंकूचे सूत्र मुखोद्गत असलेला आजचा विद्यार्थी हेच उदाहरण सोडवू लागला, तर त्याचे उत्तर ५७३ च्या आसपास येईल, आणि तो क्षणभर मोठ्या समाधानाने म्हणेल की आचार्य चुकले. आचार्य चुकले नव्हते. वर्तुळाचा व्यास १२५० असता परीघ ३९२७ होतो, हे सूक्ष्म गुणोत्तर त्यांनी त्याच ग्रंथात दिले आहे. मात्र ज्या राशीचा काठ घसरत्या दाण्यांचा, जिचा पाया कोणत्याही वर्तुळाशी पुरता इमान राखीत नाही आणि जिच्यापुढे उभा असलेला कुणबी संध्याकाळच्या आत वाटा मोकळा करून घेण्याच्या घाईत आहे, तिच्यापुरते व्यासाच्या तिप्पट परीघ हे स्थूल मान पुरेसे आहे, असा त्यांनी निवाडा केला. शेकड्याला पावणेपाचांची तफावत त्यांनी जाणूनबुजून सोसली. कोठे किती सूक्ष्म व्हावयाचे आणि कोठे थांबावयाचे, हा निवाडा करता येणे म्हणजे उपयोजित गणित, असे मी आजवर वर्गात सांगत आलो, आणि प्रस्तुत पुस्तकाचा जन्मही त्याच सांगण्यातून झाला आहे.

आचार्यांचा उल्लेख बीड जिल्ह्यातील पुस्तकाच्या आरंभी करण्यास आणखी एक निमित्त आहे, आणि ते सांगताना मला थोडा संकोचही वाटतो. शके १०३६ मध्ये जन्मलेल्या आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचणाऱ्या या पुरुषाने आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड असे सांगितले. ते विज्जडविड म्हणजे आमचे बीड, असे काही विद्वानांचे मत, तर काहींनी तो मान विजापूरला दिला, आणि चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणल्यापासून खानदेशाचा दावाही भक्कम झाला आहे. या वादात आपल्या जिल्ह्याची बाजू घेऊन उभे राहावे, असा मोह मला तरुणपणी पुष्कळ झाला. आता वाटते, ज्या जिल्ह्यातील मुलाला आपल्या बापाने ऊसतोडीसाठी घेतलेल्या उचलीचा हिशेब तपासता येत नाही, त्याने भास्कराचार्यांच्या जन्मस्थानावर हक्क सांगण्यात फारसा अर्थ नाही.

हे पुस्तक इयत्ता बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे; विज्ञान शाखेच्या तसेच वाणिज्य शाखेच्याही. त्यांच्या पाठ्यक्रमात काय नाही? विकलन आहे, संकलन आहे, सारण्या आहेत, संभाव्यता आहे, रेषीय नियोजन आहे. वाणिज्याच्या मुलांना तर विमा आणि वार्षिकी, निर्देशांक, कमिशन व दलाली असे व्यवहाराला थेट भिडणारे विषय नेमलेले आहेत. म्हणजे सामग्रीची कोठेही कमतरता नाही. परंतु दहावीपर्यंत ‘वर्गसमीकरण’ आणि ‘त्रिज्या’ म्हणणारा मुलगा अकरावीत पाऊल टाकताच ‘डेरिव्हेटिव्ह’ आणि ‘मॅट्रिक्स’ यांच्या राज्यात येतो, आणि त्या परभाषेतील नावांबरोबर त्या कल्पनाही परक्या मुलखातील आहेत, त्यांचा आपल्या शिवाराशी काही संबंध असू शकत नाही, असे तो मनोमन ठरवून टाकतो. रेषीय नियोजनाच्या उदाहरणात एक कारखानदार खुर्च्या आणि टेबले बनवितो. ते उदाहरण हा मुलगा बिनचूक सोडवितो, आलेख काढतो, व्यवहार्य क्षेत्र रेखाटतो, आणि तीन एकर कोरडवाहू रानात किती सोयाबीन आणि किती तूर पेरावी, हा प्रश्न घरी निघाला असता तेथून उठून जातो. शेजारच्या लातूरच्या शिकवण्यांची ख्याती मोठी आहे आणि आमच्याकडील शेकडो मुले तेथे जाऊन चार पर्यायांतून एक निवडण्याची कला शिकून येतात. त्यांच्या यशाबद्दल मला आदरच आहे. तथापि जीवनातील प्रश्न चार पर्यायांसह येत नाहीत, किंबहुना पुष्कळदा ते प्रश्न म्हणूनही येत नाहीत, तर अंगठा उठविण्यासाठी पुढे केलेल्या कागदाच्या रूपाने येतात.

या मुलांच्या आजोबा-पणजोबांची गणितातील तयारी कमी नव्हती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतिनाची औटकी ही सारी उजळणी ज्यांच्या जिभेवर होती, त्यांना मणाचा भाव ऐकून अडिशेराची किंमत सांगण्यास कागद लागत नसे. निजामी अंमलात तर एका डोक्यात दोन नाणी वागवावी लागत. निजामाचे सात हाली रुपये म्हणजे इंग्रजांचे सहा कलदार, असा बट्टा. बार्शी किंवा अहमदनगरच्या पेठेत माल घालून परत येणाऱ्या आमच्या व्यापाऱ्याला हे सात-सहाचे त्रैराशिक हद्द ओलांडताच मांडावे लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान मुक्त झाले, पुढे हाली सिक्का गेला, १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मागोमाग शेर-मण जाऊन किलो आले, आणि एका पिढीच्या आत ती सारी तोंडी विद्या निरुपयोगी ठरली. दशमान पद्धती आली हे उत्तमच झाले. मला त्या औटकीबद्दल उसासे टाकावयाचे नाहीत. खेद एवढाच की जुनी विद्या जाताना तिच्याबरोबर हिशेब विचारण्याची सवयही गेली, आणि नव्या विद्येने ती परत आणून दिली नाही.

आता ज्या प्रकरणासाठी हे पुस्तक विशेषेकरून लिहिले, त्याकडे वळतो. ते प्रकरण पीकविम्याचे आहे.

२०१६ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेत भरपाईचा मूळ आधार असा : एखाद्या महसूल मंडळात एखाद्या पिकाचे गेल्या सात वर्षांचे हेक्टरी उत्पन्न घ्यावे, त्यांपैकी उत्तम पाच वर्षांची सरासरी काढावी, तिला जोखीमस्तराने, म्हणजे समजा सत्तर टक्क्यांनी, गुणावे, आणि जे येईल त्यास उंबरठा उत्पन्न म्हणावे. यंदाचे सरासरी उत्पन्न या उंबरठ्याच्या खाली गेले, तर जेवढी घट तिला उंबरठ्याने भागून विमासंरक्षित रकमेने गुणावयाचे. सूत्र आठवीच्या मुलालाही समजेल इतके सोपे आहे. पण त्याचे मर्म ध्यानात येण्यास ते दोनदा सोडवावे लागते. एका मंडळात सोयाबीनचे सात वर्षांचे उत्पन्न हेक्टरी १२, ४, ९, ११, ३, १० आणि ८ क्विंटल आले असे कल्पू. उत्तम पाच वर्षे १२, ११, १०, ९, ८, सरासरी १०, उंबरठा ७. यंदा उत्पन्न ४.२ क्विंटलच आले, तर घट २.८, तिला सातांनी भागता ०.४, आणि हेक्टरी पन्नास हजारांच्या संरक्षणावर भरपाई वीस हजार रुपये. आता डोंगरपट्ट्यातील दुसरे मंडळ घ्या, जेथे पाऊस वरचेवर दगा देतो आणि सात वर्षांचे आकडे ५, ४, ९, ६, ३, ५, ५ असे आहेत. उत्तम पाचांची सरासरी ६, उंबरठा ४.२, आणि यंदाचे उत्पन्नही तेच ४.२, भरपाई शून्य. पीक सारखेच बुडाले, दोन्ही शेतकऱ्यांच्या घरी धान्य सारखेच आले, आणि जो सतत बुडत आला त्यालाच काही मिळाले नाही, कारण सूत्राच्या लेखी त्याचे बुडणे नित्याचे झाले आहे.

हे उदाहरण मी वर्गात फळ्यावर मांडतो तेव्हा पहिल्यांदा मुले माझ्या आकडेमोडीत चूक शोधतात. ती सापडत नाही, मग ती सूत्राकडे पाहू लागतात. सूत्र करणाऱ्यांनी वाईट दोन वर्षे गाळण्याची उदारता दाखविली आहे, हेही मी सांगतो, कारण ते खरे आहे. पण सातांपैकी पाच वर्षे ज्यांची हलाखीची गेली, त्यांना दोन गाळून काय लाभ होणार? सातांऐवजी दहा वर्षे धरली तर? सरासरीऐवजी मध्यक घेतला तर? उंबरठा गतवर्षांवरून न ठरविता त्या जमिनीच्या मगदुरावरून ठरविला तर? हे प्रश्न परीक्षेत येणार नाहीत. त्यांची उत्तरे एकाहून अधिक आहेत, आणि प्रत्येक उत्तराबरोबर कोणाच्या तरी पदरी काही पडते आणि कोणाच्या तरी पदरचे जाते.

यंदाचे उत्पन्न ४.२ आले हे तरी कोणी ठरविले? येथे पीककापणी प्रयोग येतो. गावातील शेते यदृच्छेने निवडावयाची, निवडलेल्या शेतात यदृच्छेनेच जागा ठरवून ठरावीक मापाचा तुकडा आखावयाचा, त्यातील पीक कापून, मळून, वजन करावयाचे, आणि ते हेक्टरात वाढवावयाचे. तुकडा दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद धरला, तर त्याचे दोनशे तुकडे मिळून एक हेक्टर होतो. म्हणजे तराजूवरची शंभर ग्रॅमची चूक हेक्टरी वीस किलोंची होते. पण याहून सूक्ष्म अशी एक चूक आहे, आणि ती प्रामाणिक माणसाच्याही हातून होते. दोरीच्या अगदी काठावर उभे असलेले झाड आत धरावे की बाहेर? कापणाऱ्याचा हात आपसूक ते आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितका त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने परीघ मोठा, आणि तितके काठावरचे झाड अधिक. म्हणून लहान तुकड्यांवरून काढलेले उत्पन्न वास्तवाहून फुगलेले निघते. ही गोष्ट १९४० च्या दशकात प्रयोगांनी सिद्ध करणारे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे, आणि या मुद्द्यावर त्यांनी प्रत्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या लहान तुकड्यांच्या पद्धतीशी मतभेद मांडला होता. आमच्या मुलांना सुखात्म्यांचे नाव ठाऊक नसते, याचे मला दुःख आहे. उत्पन्न फुगले तर घट कमी दिसते, आणि घट कमी दिसली तर भरपाई आटते. काठावरच्या एका झाडाने मंडळभरातील माणसांच्या खात्यात काय फरक पडतो, याचा हिशेब या पुस्तकातील चौथ्या प्रकरणात सविस्तर मांडला आहे. पीककापणीचे हेच आकडे पैसेवारीलाही लागतात. पूर्वी रुपयाचे सोळा आणे होते तेव्हाची ती आणेवारी, आणि आज नजर, सुधारित व अंतिम अशा तीन पायऱ्यांनी जाहीर होणारी पैसेवारी, जी पन्नासाच्या आत आली म्हणजे गावाच्या दप्तरी टंचाई रुजू होते. एकोणपन्नास आणि एकावन्न यांमधील अंतर शाळेत दोन असते.

विम्याच्या या व्यवहारात आमच्या जिल्ह्याचे नाव एका सूत्राला कायमचे चिकटले आहे, आणि ते सूत्र विकलन शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी जणू मुद्दाम घडविल्यासारखे आहे. २०२० च्या खरिपात बीडसाठी विमा कंपन्या पुढे येईनात, तेव्हा केंद्र सरकारच्या मालकीच्या कृषी विमा कंपनीमार्फत जी तडजोड अमलात आली, तिला पुढे ‘बीड पॅटर्न’ हे नाव पडले. तिचे स्थूल रूप असे : एकूण विमाहप्ता शंभर धरला, तर कंपनीने भरपाई द्यावयाची ती जास्तीत जास्त एकशेदहापर्यंत, त्यावरचा भार राज्य शासनाने उचलावयाचा, आणि भरपाई ऐंशीच्या आत आटोपली, तर कंपनीने वीस स्वतःकडे ठेवून उरलेली शिल्लक शासनाला परत करावयाची. आता आडव्या अक्षावर भरपाई आणि उभ्या अक्षावर कंपनीचा नफा घेऊन आलेख काढा. शून्यापासून ऐंशीपर्यंत तो वीसच्या उंचीवर आडवा चालतो. ऐंशीपासून एकशेदहापर्यंत सरळ उतरत उणे दहावर येतो. आणि तेथून पुढे, दुष्काळ कितीही मोठा असो, पुन्हा आडवा. फलन सर्वत्र सलग आहे, परंतु ८० आणि ११० या दोन बिंदूंपाशी त्याला कोपरे आहेत, तेथे विकलज अस्तित्वात नाही. पाठ्यपुस्तकात ‘सलग पण विकलनक्षम नसलेले फलन’ म्हणून निरपेक्ष मूल्याचा एक आलेख दिलेला असतो; त्याऐवजी हा आलेख दिला असता, तर आमची मुले ती व्याख्या जन्मभर विसरली नसती. आणि मग त्यांनी दुसरा आलेख काढावा, शासनाच्या भाराचा. तिसरा शेतकऱ्याच्या हाती येणाऱ्या रकमेचा. हे तीन आलेख एकावर एक ठेवले असता जोखीम कोणाकडून कोणाकडे सरकली, हे एकही विशेषण न वापरता दिसते. २०२२ साली हाच नमुना राज्यभर स्वीकारला गेला. तेव्हा बीडच्या विद्यार्थ्याने केलेला हा अभ्यास केवळ स्थानिक कुतूहलाचा राहत नाही.

ऊसतोडीच्या उदाहरणांबद्दल दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. दिवाळीच्या आगेमागे आमच्या जिल्ह्यातून टोळ्या निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती टनाच्या दराने फेडावयाची असते. एका कोयत्याने लाखाची उचल घेतली, दर टनाला साडेतीनशे रुपये मिळाले आणि दिवसाकाठी दोन टन तोड झाली, असे धरले, तर उचल फिटण्यास १४३ दिवस लागतात. हंगाम एकशेदहा दिवसांत आटोपला, तर तेवीस हजार अंगावर राहिले आणि पुढच्या वर्षीचा करार आताच झाला. त्यात खाडा पडला, म्हणजे आजारपणाने एक दिवस बुडाला, तर त्या दिवसाची मजुरी जाते ती जातेच, वर दंडही कापला जातो. म्हणजे एका दिवसाच्या तापाचा परिणाम समीकरणात दोन ठिकाणी लिहावा लागतो. माझ्या वर्गातील काही मुलांनी हे उदाहरण सोडविताना मान वर केली नाही. ती मुले हंगामी वसतिगृहांत राहून, आजीच्या हातचे खाऊन, आईबाप फडावर असताना बारावीपर्यंत आलेली होती, आणि त्यांना उदाहरणातील आकडे माझ्यापेक्षा अधिक अचूक ठाऊक होते. एकीने तर तास संपल्यावर येऊन मला सांगितले की, “सर, दोन टन पावसानंतर होत नाही, दीड धरा.” पुस्तकात आता दोन्ही आकडे आहेत.

बाकीच्या प्रकरणांविषयी लांबण लावीत नाही. बीड शहराजवळच्या खजाना विहिरीवर एक प्रकरण आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामशाही अंमलात, सलाबतखानाने ती बांधविली आणि तिची आखणी राजा भास्कर नावाच्या स्थपतीने केली असे सांगतात. बिंदुसरेच्या खोऱ्यातील पाणी मोटेवाचून, केवळ उताराने शेतापर्यंत नेणाऱ्या तिच्या भूमिगत मार्गाचा ढाळ कसा ठरवावा लागला असेल, हे त्रिकोणमितीचे उदाहरण म्हणून मांडले आहे. सिंदफणेवरील माजलगावच्या जलाशयातून उन्हाळ्यात वाफ होऊन जाणाऱ्या पाण्यावर एक विकलक समीकरण आहे. ते अवघड आहे, ज्याला जमेल त्याने करावे. सावकारी व्याज, बचतगटाचे व्याज आणि बँकेचे व्याज यांची तुलना वाणिज्याच्या मुलांसाठी घातली आहे. शेकडा दरमहा दोन हा दर वार्षिक चोवीस नसून चक्रवाढीने पावणेसत्तावीसांच्या वर जातो, हे त्यांपैकी बहुतेकांना ठाऊक असते, घरच्यांना मात्र सांगितलेले नसते.

पुस्तक वापरणाऱ्या शिक्षकबंधूंना एक विनंती. उदाहरणांची उत्तरे शेवटी दिली आहेत. अपवाद चौथ्या आणि पाचव्या प्रकरणांचा. त्या दोन प्रकरणांत उत्पन्नाच्या, दराच्या आणि दिवसांच्या जागा कोऱ्या सोडल्या आहेत. विद्यार्थ्याने आपल्या मंडळाचे सात वर्षांचे आकडे तालुक्याच्या कृषी कार्यालयातून मागून आणावेत, पैसेवारी तलाठ्याकडून विचारून घ्यावी, आणि उचलीचा आकडा घरच्या वहीतून. कार्यालयात पहिल्या खेपेस आकडे मिळतीलच असे नाही. अर्ज कसा करावा, त्याची पोच कशी घ्यावी, याचा एक नमुना परिशिष्टात जोडला आहे. गणिताच्या पुस्तकात अर्जाचा नमुना पाहून काहींना नवल वाटेल. पहिल्या आवृत्तीच्या हस्तलिखितात तो नव्हता. दोन विद्यार्थिनी तीनदा हेलपाटे घालून रिकाम्या हाती परत आल्या, त्यानंतर घातला.

अंबाजोगाई, गुढीपाडवा